गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर अजून काय बदलायचं: माझी बीएमडब्ल्यू ३२०डी आणि भोसरीचं एक गॅरेज

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या गॅरेजमधे गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवून टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) अपग्रेड करून घेतला, त्याला आता चार महिने झालेत आणि सहा हजार किलोमीटर झालेत, म्हणून आत्ता लिहितोय. लगेच लिहिलं नाही कारण गिअरबॉक्सचं काम कसं झालंय ते पहिल्या आठवड्यात कळत नाही. पाचपैकी साडेचार देतो, अर्धा का कापला ते पुढे येईलच. गॅरेजचं नाव टाकत नाही, दोनच लिफ्ट आहेत त्यांच्याकडे आणि आधीच रांग असते, त्यांनीच सांगितलं की नाव नका टाकू. पण त्यांनी काम कसं ठरवलं, काय बदलायला लावलं आणि काय बदलू दिलं नाही, हे ज्याच्या गाडीचा गिअरबॉक्स खाली उतरणार आहे अशा प्रत्येकाने वाचावं असं मला मनापासून वाटतं.

गाडी २०१३ ची बीएमडब्ल्यू ३२०डी, एफ ३० बॉडी, काम केलं तेव्हा १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेली. इंजिन एन ४७, दोन लिटर डिझेल, कंपनीतून १८४ पीएस आणि ३८० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद. गिअरबॉक्स झेडएफचा आठ स्पीडचा, ८एचपी४५. हा नावातला ४५ म्हणजे ढोबळमानाने ४५० न्यूटन मीटरचा क्लास, ८एचपी७० म्हणजे ७०० चा, असं ते वाचायचं. मी दोन वर्षांपूर्वी रिमॅप, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवणं, करून घेतला होता आणि डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, टॉर्क ४४० च्या आसपास गेला होता, म्हणजे गिअरबॉक्स काठावर आणून ठेवलेला.

त्रास सुरू झाला तो असा, खंबाटकी चढताना किंवा एक्सप्रेसवेवर ऐंशी-नव्वदला आरामात चालवताना एक्सिलरेटर हलका दाबला की आरपीएमचा काटा शंभर-दीडशेने वर-खाली व्हायचा आणि गाडी रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी दोन-तीन सेकंद थरथरायची. पाय जोरात दाबला की गायब, पाय काढला की गायब. एके ठिकाणी इंजेक्टर सांगितले, एके ठिकाणी टायर बॅलन्सिंग. भोसरीच्या मेस्त्रींनी लॅपटॉप लावला, स्वतः शेजारी बसले, मला नाशिक फाट्यापर्यंत चालवायला लावली आणि स्क्रीनवर दाखवलं की इंजिनचा स्पीड आणि गिअरबॉक्सच्या इनपुटचा स्पीड लॉकअप झाल्यावर, म्हणजे कन्व्हर्टर आतून थेट जोडला गेल्यावर, सारखे असायला पाहिजेत किंवा अगदी थोडा फरक पाहिजे, तिथे फरक उड्या मारतोय. कन्व्हर्टरच्या आतला लॉकअप क्लच घसरत होता. म्हणजे कन्व्हर्टर बदलायचा किंवा जाड, जास्त ताकदीचं लायनिंग टाकून तयार केलेला बसवायचा. मी दुसरा पर्याय घेतला, आणि कन्व्हर्टर काढायचा म्हणजे अख्खा गिअरबॉक्स खाली.

आता इथे खरी गोष्ट सुरू होते. मी म्हणालो ठीक आहे, कन्व्हर्टर टाका आणि ऑइल बदला. मेस्त्रींनी एका जुन्या बिलाच्या पाठीमागे मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं "खाली असतानाच", उजवीकडे "कधीही". म्हणाले, "साहेब, उतरवा-चढवायचे बावीस हजार. ते एकदाच द्या. डावीकडचं जे आहे ते आज नाही केलं तर नंतर त्याच बावीस हजारात परत उतरवावं लागेल. उजवीकडचं तुम्ही दिवाळीत करा, पुढच्या वर्षी करा, मला काय घाई नाही."

हे ऐकून मला माझी आधीची गाडी आठवली. ती मॅन्युअल होती, दुसऱ्या एका गॅरेजात क्लच बदलायला दिली होती, गिअरबॉक्स उतरवला, क्लच प्लेट-प्रेशर प्लेट नवी टाकली आणि क्रँकचं मागचं ऑइल सील मात्र जुनंच ठेवलं, "गळत नाहीये ना आत्ता" म्हणून. आठ महिन्यांत ते सील गळायला लागलं, ऑइल नव्या कोऱ्या क्लच प्लेटवर, आणि सगळं लेबर परत, प्लेट परत, चार दिवस गाडी परत बंद. सीलची किंमत लेबरच्या पुढे काहीच नव्हती. तेव्हा कुणी मला विचारलं असतं तर मी लगेच हो म्हणालो असतो, पण कुणी विचारलंच नाही. म्हणून या वेळी विचारणारा माणूस भेटला याचं मला फार बरं वाटलं.

तर डावीकडच्या यादीत पहिलं नाव तेच, क्रँकचं मागचं सील. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे बसतं, गिअरबॉक्स हलवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. सव्वा लाखाच्या पुढे गेलेल्या गाडीत ते रबर कडक झालेलंच असतं. मला बोलवून जुनं सील हातात दिलं, ओठ दाबून बघा म्हणाले, नव्या सीलचा ओठ बोट लावलं की मागे जातो आणि परत येतो, जुन्याचा तसाच दबलेला राहिला. गळत नव्हतं अजून, पण फार दिवस टिकलंही नसतं.

त्याच्या पाठोपाठ फ्लेक्स प्लेट. ऑटोमॅटिकमधे फ्लायव्हीलच्या जागी ही पातळ पत्र्याची प्लेट असते, इंजिनची सगळी ताकद तिच्यातून कन्व्हर्टरला जाते. टॉर्क वाढवलेल्या गाडीत बोल्टच्या भोकांपाशी केसासारख्या भेगा पडू शकतात. त्यांनी ब्रेक क्लीनरने धुऊन, टॉर्च तिरपी धरून एकेक भोक दाखवलं, भेग नव्हती, म्हणून प्लेट जुनीच ठेवली. बोल्ट मात्र सगळे नवीन, क्रँकचेही आणि कन्व्हर्टरचेही, कारण एकदा ताणून बसवलेला बोल्ट परत तेवढी पकड देईलच असं नाही आणि तो सुटला तर आतलं सगळं घेऊन जाईल.

आता सगळ्यात मोठा आणि सगळ्यात महाग विषय, टायमिंग चेन. ज्यांच्याकडे ही एन ४७ इंजिनची गाडी आहे त्यांनी हे नीट वाचा. बहुतेक गाड्यांत चेन इंजिनच्या पुढे असते, रेडिएटरच्या बाजूला. या इंजिनमधे ती मागे आहे, गिअरबॉक्सच्या बाजूला. म्हणजे चेनला हात लावायचा तर गिअरबॉक्स उतरवायलाच लागतो, काही जण तर अख्खं इंजिन बाहेर काढतात. हे इंजिन २००७ मधे आलं आणि सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांची चेन घासून, सैल होऊन तुटल्याच्या तक्रारी जगभर झाल्या. नंतर कंपनीने सुधारणा केल्या, माझी गाडी त्या नंतरची, पण चेनच्या बाजूला ज्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, ज्यांना गाईड म्हणतात, त्या दहा-बारा वर्षांत घासणार आणि ठिसूळ होणारच. चेन तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि मग इंजिनच्या दुरुस्तीचा आकडा गाडीच्या सेकंडहँड किमतीच्या जवळ जातो.

मेस्त्रींनी सकाळी थंड इंजिन चालू करून मागच्या बाजूला स्टेथोस्कोप लावला, मलाही ऐकवलं, साधारण पंधराशे आरपीएमला एक हलका खरखर आवाज येत होता, डब्यात बारीक साखळी हलवल्यासारखा. ते म्हणाले की आवाज वाईट नाहीये, लगेच तुटेल असं मी म्हणणार नाही, पण अर्धा रस्ता आपण उघडणारच आहोत. हेही सांगितलं की गिअरबॉक्स काढला म्हणजे चेन फुकटात मिळत नाही, खालचं ऑइल चेंबर काढायला पुढचा सबफ्रेम, म्हणजे इंजिनखालची चौकट, खाली घ्यावा लागेल, ते लेबर वेगळं, आणि चेनचा खर्च बाकी सगळ्या कामाच्या बेरजेपेक्षा जास्त होईल. मी एक रात्र मागितली. घरी बायकोशी बोललो, तिचं म्हणणं सरळ होतं, गाडी अजून पाच वर्षं ठेवायची असेल तर कर, दोन वर्षांत विकायची असेल तर नको करू. आम्हाला ठेवायची आहे. सकाळी हो म्हणून कळवलं.

चेन काढल्यावर मला फोन आला, येऊन जा बघायला. वरचा गाईड त्यांनी कापडावर ठेवला होता. नवीन गाईड जवळजवळ पांढरा, जुना चहाच्या रंगाचा झालेला, चेन जिथून जाते तिथे दोन समांतर चर पडलेले, नखाला लागतील एवढे खोल, आणि एका टोकाला जिथे पिन बसते तिथे आडवी भेग. तुटलेला नव्हता. मी तो बराच वेळ हातात धरून उभा होतो. महिनाभरापूर्वी याच इंजिनवर आईवडिलांना घेऊन कोल्हापूरला जाऊन आलो होतो. वरची-खालची चेन, गाईड आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर सगळं नवीन टाकलं. चेंबर उघडंच होतं म्हणून ऑइल पंपाची जाळीही साफ करून घेतली, तिच्यात प्लास्टिकचे दोन बारीक तुकडे निघाले, ते गाईडचेच.

मग गिअरबॉक्सकडे. कन्व्हर्टर निघाला की गिअरबॉक्सच्या तोंडाशी पंपाचं सील दिसतं, ते नवीन टाकायचंच, यात विचार करायचं काही नाही. पण माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या कूलरकडे. लॉकअप क्लच घसरत होता म्हणजे त्याचं लायनिंग झिजून ऑइलमधे गेलेलं, ते ऑइल कूलरमधे आणि पाइपमधे फिरलेलं. नवा कन्व्हर्टर टाकला आणि जुना कूलर तसाच ठेवला तर पहिल्या दिवसापासून तो कचरा नव्या कन्व्हर्टरमधे. त्यांनी कूलर आणि पाइप उलट्या दिशेने फ्लश केले, पांढऱ्या बादलीत, पहिल्या वेळी पाणी काळंकरडं आलं म्हणजे पाणी नाही, फ्लशचं लिक्विड, तिसऱ्या वेळी स्वच्छ. पाइपांचे ओ-रिंग नवीन.

ऑइलचं थोडं सविस्तर सांगतो. बीएमडब्ल्यू म्हणते की हे ऑइल गाडीच्या आयुष्यभरासाठी आहे. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदला असं सांगते, आणि मी बनवणाऱ्याचं ऐकेन. या गिअरबॉक्समधे खालचा पॅन प्लास्टिकचा असतो आणि फिल्टर त्याच्यातच जोडलेला असतो, त्यामुळे फिल्टर बदलायचा म्हणजे पॅनच बदलायचा, सोबत गॅस्केट आणि बोल्ट नवीन. एरवी पॅन काढून ऑइल बदललं तर पाच-सहा लिटर निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमधेच राहतं आणि नव्यात मिसळतं. कन्व्हर्टरच बाहेर आला की जवळजवळ सगळं जुनं ऑइल जातं, अशी संधी परत मिळत नाही. जुन्या पॅनमधली चुंबकं दाखवली मला, त्यांच्यावर काळी पेस्ट होती, ओल्या काजळासारखी, बोटांत चोळली तर मऊ. खडा किंवा चकाकणारे लोखंडाचे तुकडे नव्हते. तेव्हा मेस्त्री म्हणाले की आतले क्लच उघडायची गरज नाही. मी आधीच मनाची तयारी केली होती की अपग्रेड करतोय तर आतले क्लच पॅकही दणकट टाकू, पैसे बाजूला ठेवले होते, त्यांनीच थांबवलं. म्हणाले ४४० न्यूटन मीटरला आतलं व्यवस्थित आहे, प्रेशरचे आकडे बरोबर आहेत, कंपनीने बंद केलेली वस्तू उगाच उघडायची नाही. एवढं मोठं काम, एवढं लेबर सोडून देणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

कन्व्हर्टर बसवताना मी मुद्दाम थांबलो होतो. त्यात थोडं ऑइल ओतलं, दोन हातांनी धरून गिअरबॉक्सच्या शाफ्टवर ठेवला आणि हळूहळू फिरवत आत ढकलत राहिले. एकदा "टक" करून थोडा आत गेला, परत फिरवत फिरवत अजून एकदा, मग शेवटचा, सगळ्यात आतला. मग बेल हाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कव्हरच्या, तोंडावर एक सरळ पट्टी आडवी ठेवली आणि स्केलने पट्टीपासून कन्व्हर्टरपर्यंतचं अंतर मोजलं, वहीत लिहिलं, आधी जुना काढताना जे मोजलं होतं त्याच्याशी ताडून बघितलं. शेवटचा टप्पा बसला नाही आणि तसेच बोल्ट आवळले तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे कन्व्हर्टर दाबला जातो आणि ऑइल पंप फुटतो, गाडी चालू करायच्या आधीच. त्यांच्या पोऱ्याला ते समजावून सांगत होते, त्यामुळे मलाही कळलं. तो पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, त्याने स्वतः परत एकदा मोजलं.

गाडीखालच्या बाकी गोष्टी पटापट सांगतो. गिअरबॉक्सचं माउंटिंग नवीन, जुन्याचं रबर एका बाजूला बसलेलं, रिव्हर्स टाकला की मागे "धप" यायचा तो यामुळेच. मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या पुढच्या टोकाला जे रबर कपलिंग असतं ते नवीन, त्याला बोल्टभोवती भेगा होत्या, टॉर्क वाढवलेल्या गाडीत हे आधी जातं. शाफ्ट काढताना पिवळ्या रंगाने खुणा केल्या होत्या, परत त्याच जागी बसवला, नाहीतर बॅलन्स जातो आणि शंभरला गाडी गुणगुणायला लागते. सायलेन्सरच्या जोडाचा क्लॅम्प आणि गॅस्केट नवीन. शाफ्टच्या मधलं सेंटर बेअरिंग उजवीकडच्या यादीत गेलं, हाताने फिरवून बघितलं, आवाज नाही, आणि ते गिअरबॉक्स न काढता होतं. स्टार्टर, मेकॅट्रॉनिक दोन्ही तपासून तसेच ठेवले. मेकॅट्रॉनिक म्हणजे गिअरबॉक्सचा मेंदू, पॅन काढला की खालूनच निघतो, आज धडधाकट आहे तर त्याला कशाला बदलायचं.

ऑइल भरायची पद्धतही बघण्यासारखी. आधी भरणीच्या भोकातून वाहेपर्यंत भरलं, मग इंजिन चालू, सगळे गिअर एकेक करून फिरवले, लॅपटॉपवर गिअरबॉक्सचं तापमान चाळीस डिग्रीच्या आसपास आलं की भोक उघडून बारीक धार बाहेर पडेपर्यंत परत भरलं आणि बंद. गाडी लिफ्टवर एकदम लेव्हलमधे पाहिजे. डिपस्टिक या गिअरबॉक्सला नाहीच, त्यामुळे अंदाजाने भरणाऱ्याकडे हे काम देऊ नका. शेवटी जुनी ॲडॅप्टेशन, म्हणजे गिअरबॉक्सने शिकून ठेवलेली सेटिंग, पुसली, गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरमधे लॉकअपचं प्रेशर नव्या कन्व्हर्टरप्रमाणे सेट केलं आणि पुढचे दोन-तीनशे किलोमीटर सौम्य चालवा म्हणून सांगितलं.

आता तक्रारी. सहा दिवस सांगितले होते, तेरा लागले. चार दिवस चेनच्या किटची वाट बघण्यात गेले, ते मी समजू शकतो, पण ते चार दिवस होणार हे मला चौथ्या दिवशी, मीच फोन केल्यावर कळलं. दोनदा फोन उचललाच नाही. रोज कंपनीच्या बसने ऑफिसला जाणाऱ्याला फरक पडत नसेल, माझी आई डायलिसिसला आठवड्यातून दोनदा जाते, मला गाडीची तारीख आधी कळायला हवी होती. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं, त्यांनी मान्य केलं. दुसरं म्हणजे बसण्याची सोय काही नाही, एक प्लास्टिकची खुर्ची आणि ग्राइंडरचा आवाज. याचा अर्धा गुण कापला.

बिल मात्र पारदर्शक होतं. प्रत्येक पार्टचा नंबर, लेबर वेगळं, चेनचं लेबर वेगळं, आणि गोणीत भरून सगळे जुने पार्ट डिकीत ठेवलेले, न मागता. गाईड मी घरी शोकेसमधे ठेवलाय, कुणी विचारलं की चेन खरंच करायची का, तर काढून हातात देतो.

गाडी कशी चालते, तर थरथर पूर्ण गेली. खंबाटकी, ताम्हिणी, एकदा भर उन्हात चार माणसं आणि सामान घेऊन आंबा घाट, काटा जागचा हलत नाही. पहिले दोनशे किलोमीटर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना किंचित झटका होता, मग आपोआप गेला. सकाळची खरखर नाही. पंधरा दिवसांनी त्यांनी स्वतः बोलावून गाडी वर घेतली, बेल हाउसिंगच्या खाली बोट फिरवून दाखवलं, कोरडं. मी पार्किंगमधे गिअरबॉक्सच्या खाली पुठ्ठा टाकून ठेवतो रोज, चार महिन्यांत एक डाग नाही. ते बिलाच्या पाठीमागचं चिठोरं अजून ग्लोव्हबॉक्समधे आहे, डावी बाजू सगळी खोडलेली, उजवीकडे सेंटर बेअरिंग आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल एवढी दोनच कामं राहिलीत, ती जानेवारीत टायर बदलताना करून घेणार आहे, आणि या वेळी तारीख आधी लिहून घेणार आहे.